मदत हवी आहे : अर्धवट घर, वरून ओल आणि गणपती तोंडावर, कुठलं काम थांबवू?

मंडळी, जरा घाईत लिहितेय, लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि आमचं किचन सध्या हॉलमध्ये आहे म्हणजे लॅपटॉपच्या शेजारी कुकर, त्याच्या शेजारी मुलाची भूगोलाची वही. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलुंड पूर्वेला आमचा 1 बीएचके आहे, तिसरा मजला, बिल्डिंग 1988 ची. मुलाची परीक्षा संपली तसं काम काढलं, ओटा तोडून नवा, बाथरूमच्या टाइल्स, वायरिंग, दोन कपाटं आणि शेवटी रंग. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता दहा जूनच्या आत मोकळे होतो, आणि हिशोब तसा बरोबरच होता हो, हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून 11 जूनला येतो. पण यंदा 2025 ला तो 26 मेलाच हजर. त्या दिवशी वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं, तिथे आमच्या ओट्याची काय कथा.

तेव्हापासून जे चाललंय ते असं की बिगारी पेरणीला गावाला गेलेत, सुतार येतो तर माल नसतो, माल येतो तेव्हा लिफ्ट बंद (खाली खड्ड्यात पाणी झिरपलं की वॉचमन स्वतःच बंद करून टाकतो, बरंच करतो) मग गोण्या जिन्याने चढवायचे वेगळे पैसे. रॅबिटच्या (तोडकामाच्या मलब्याच्या) गोण्या जिन्याखाली भिजतायत, टेम्पोवाला म्हणतो ओला रॅबिट जड झालाय एका फेरीत जाणार नाही. सेक्रेटरी रोज आधी गोण्यांकडे बघतात मग माझ्याकडे. कपडे वाळत नाहीत ते तर सगळ्यांचंच आहे पण आमच्याकडे ते सिमेंटच्या धुळीत वाळत नाहीत. बेडरूमचा दरवाजा फुगलाय तो लागत नाही आणि बाथरूमचा लागला की उघडत नाही, सासूबाई आत अडकल्या होत्या, बाहेर आल्यावर पहिलं वाक्य "गणपती कुठे बसवणार आहेस?"

तर मुख्य प्रश्न हा. बेडरूमच्या वरच्या कोपऱ्यात ओलीचा भलामोठा डाग आलाय, भिंतीच्या पलीकडे डक्ट (पाइप जातात ती उभी मोकळी जागा) आहे आणि बरोबर वरती चौथ्या मजल्यावरच्या काकांचं बाथरूम. पापुद्रे सुटतायत, खाली पांढरी पूड पडते. काका म्हणतात आमच्याकडे कोरडं ठणठणीत आहे, तुम्ही ठोकाठोकी केलीत म्हणून झालं. सोसायटी म्हणते हे तुमच्या दोघांतलं, आपसात बघा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मॅडम टेन्शन घेऊ नका, डॅम्पप्रूफचे दोन हात, वरून पुट्टी, रंग, चार दिवसांत चकाचक. शिवाय त्या बाजूचा लाइट लावला की मेन बोर्डातला आरसीसीबी (करंट गळला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, त्यावर त्याचा इलेक्ट्रिशियन म्हणतो "डायरेक्ट करून देतो", म्हणजे आरसीसीबी टाळून.

गणपती 27 ऑगस्टला, दीड दिवसाचा, आणि बसतो त्याच खोलीत. रंग करून टाकू का? नाही केला तर बाकीचं काय काय चालू ठेवता येईल? आणि वरच्यांशी भांडण न करता ही ओल नक्की कुणाची हे कसं शोधायचं? काकू माझ्या सासूबाईंच्या भजनी मंडळात आहेत, त्यामुळे जपून.

प्रतिसाद – न्हाणीट्रॅप

ताई, सगळ्यात आधी तो डायरेक्टवाला थांबवा. आरसीसीबी पडतो म्हणजे कुठेतरी ओलीतून करंट गळतोय आणि तो आपलं काम करतोय. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलीअँपिअरचा असतो, माणूस वाचावा म्हणूनच तो आकडा ठरलेला आहे. त्या लाइटची एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा स्विच) खाली पाडून ठेवा आणि भिंत सुकेपर्यंत टेबल लॅम्प वापरा, बस्स.

आता ओल. मी साइटवर असतो, आमच्याकडे पहिला प्रश्न "कुठे" नसतो, "कधी" असतो. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा. पाऊस दोन-तीन दिवस उघडला आणि डाग आकसला तर पाणी बाहेरून येतंय, म्हणजे भिंतीची भेग, छज्जा किंवा डक्ट. पाऊस असो नसो डाग तेवढाच राहिला तर पाण्याची लाइन, ती चोवीस तास दाबाखाली असते. वरच्यांच्या अंघोळी झाल्या की वाढतो, दुपारी उतरतो, असं असेल तर त्यांचा न्हाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) नाहीतर टाइल्सचे सांधे. शंका राहिली तर त्यांच्या न्हाणीत बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग टाकून ओता. खाली रंग उतरला तर प्रश्न मिटला, पण नाही उतरला म्हणून लगेच क्लीन चिट देऊ नका, जुन्या कोब्यातून रंग यायला वेळ लागतो, कधी गाळूनच राहतो.

डॅम्पप्रूफचं तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला माहीत नसेल असं नाही, त्याला फायनल बिल हवंय. पाणी मागून ढकलत असताना पुढून कितीही थर द्या, ते थर फुगून पडणार, नाहीतर ओल दोन फूट बाजूला सरकून नवीन ठिकाणी फुटणार. ती पांढरी पूड म्हणजे प्लास्टरमधले क्षार, पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडालं की मागे राहतात, त्याच्यावर पुट्टी धरत नाही. सगळं सुटलेलं प्लास्टर खरवडून भिंत उघडी ठेवा, पंखा लावा. सुकली का बघायला जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे, बाहेरून दमट झालं तर ती हवेतली. टेपच चिकटत नसेल तर उत्तर मिळालंच.

बाकी सिमेंटचं काम पावसात बिनधास्त करा, सिमेंटला ओल आवडते, क्युरिंग (पाणी मारून मुरवणं) फुकटात. ओटा, टाइल्स, आतलं प्लास्टर सगळं होईल. फक्त गोण्या जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या टाका, गाठी झालेलं सिमेंट वापरू देऊ नका. आणि मिस्त्री वाळू घमेल्याने मोजतो ना, दमट वाळू फुगलेली असते, वीस-तीस टक्के सहज, म्हणजे घमेलं भरलेलं दिसतं पण वाळू कमी. माल तगडा होतो, तुमचं सिमेंट जास्त जातं आणि प्लास्टरला बारीक भेगा येतात. वाळूचं एक घमेलं वाढवून घालायला सांगा. तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं असेल तर टाइल्सच्या आधी न्हाणीला बोळा मारून 48 तास पाणी भरून ठेवा, खालच्या मजल्यावर जाऊन बघून या. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात दुसरा मजला इथे धागा काढेल.

लाकडाचं पॉलिश आणि रंग, दोन्ही दसऱ्यानंतर. दमट हवेत मेलामाइन मारलं की दुधाळ पडतं.

प्रतिसाद – दादरकर_जुने

सहमत. आमच्याकडे एकदा कोऱ्या प्लास्टरसमोरच मखर लावलं होतं, मागे सासूची पैठणी सोडली, आलेले लोक डेकोरेशनचं कौतुक करून गेले. मोदक चांगले हवेत, भिंत कोण बघतंय.

प्रतिसाद – माजी सेक्रेटरी (सुटलो एकदाचा)

"आपसात बघा" हे आम्ही सगळेच म्हणायचो, पण ते अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या मॉडेल बाय-लॉजप्रमाणे टॉयलेट, सिंक वगैरेची आतली गळती संबंधित फ्लॅटवाल्यांनी खर्च करून मिटवायची, सोसायटीने मध्ये पडून. पण गच्ची, बाहेरची भिंत, डक्टमधले सामायिक पाइप हे सोसायटीचं. म्हणून आधी न्हाणीट्रॅप सांगतायत तसं शोधा आणि मग तोंडी नको, लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. अर्जात काकांचं नावही घेऊ नका, "डक्टची व संबंधित फ्लॅट्सची संयुक्त पाहणी करावी" एवढंच लिहा, भजनी मंडळ शाबूत राहील.

आणि 1988 म्हणजे तुमची बिल्डिंग तिशी ओलांडून गेली, स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, तिशीनंतर दर 3 वर्षांनी. रिपोर्ट मागा. त्यात डक्टबद्दल एखादी ओळ असतेच, कुणी वाचलेली नसते. गोण्यांचं मात्र सेक्रेटरींचं बरोबर आहे, त्या आधी हलवा मग अर्ज द्या :)

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

पेन्सिलची रेघ मारली होती. मध्ये पाऊस उघडला तेव्हा डाग आतल्या बाजूला चांगला सरकला, आणि वरचं बाथरूम तर रोजच्यासारखंच चालू होतं, उलट त्यांच्याकडे पाहुणे होते. परत कोसळला तशी दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर. काकूंना खायच्या रंगाचं सांगितलं तर त्या खूशच, म्हणाल्या होऊन जाऊ दे एकदा, आणि स्वतः बादली ओतली. खाली काही नाही. मग वॉचमनला दुसऱ्या विंगच्या जिन्यातल्या खिडकीतून डक्टमध्ये टॉर्च मारायला लावला तर बिडाच्या पाइपच्या सांध्यातून हातभर पिंपळ उगवलाय, चांगला टवटवीत, आणि पावसाळी पाइपचं पाणी तिथून थेट आमच्या भिंतीवर. फोटो काढून अर्ज दिला, गोण्या कालच गेल्या. सेक्रेटरी म्हणाले पावसात डक्टमध्ये माणूस उतरवणार नाही, जोर कमी झाला की बघू, ते पटलं मला.

रंग रद्द केला. कॉन्ट्रॅक्टर जरा फुगलाय पण ओटा आणि टाइल्सचं काम चालू ठेवलंय, लाइटचं प्रकरण एमसीबी पाडून झाकलंय. सासूबाईंना उघडी भिंत बिलकुल मान्य नव्हती, पण काकूंनी खाली येऊन सांगितलं की ओल आमची नाही हे सिद्ध झालंय, आता मखराला माझी साडी घ्या. आता साडी कुणाची यावरून चाललंय.

शेवटचं विचारते, सुतार म्हणतो कपाटांना साधा कमर्शियल प्लाय चालतो, आणि पिंपळ वॉचमन वरून कापून टाकतो म्हणतोय, कापू देऊ का?

प्रतिसाद – न्हाणीट्रॅप

नुसता कापला तर दुप्पट जोमाने येईल, मूळ सांध्यात राहतं. आत्ता हात लावू नका, वॉचमनला तर अजिबात लटकू देऊ नका. प्लंबर उतरेल तेव्हा मुळासकट काढून सांधा नव्याने भरायचा, बिडाचा पाइप तडकला असेल तर तेवढा तुकडा बदलायचा, आणि भिंतीला बाहेरूनच प्लास्टर. आतून काही नाही.

प्लाय किचन आणि बाथरूमजवळ आयएस 710 चाच (मरीन प्लाय) घ्या, फळीवर शिक्का बघून. बेडरूमचं कपाट त्या ओल्या भिंतीला लावणार असाल तर ते कपाटच यंदा करू नका, सुताराला हॉलचं आधी द्या. आणि फुगलेले दरवाजे आत्ता रंधू नका, ऑक्टोबरमध्ये सुकले की फट पडते. कडेला मेणबत्ती घासा, तेवढ्यावर निभतं. सासूबाईंसाठी बाथरूमची कडी मात्र आजच बाहेरून उघडेल अशी बसवून घ्या.