कॅसेट भंगारात देण्याआधी

मराठवाड्यातल्या वाचनालयातल्या जुन्या लोकसंगीताच्या कॅसेटचं काय करावं, असं एका अकरावीतल्या मुलाने विचारलं होतं. त्याला मिळालेला 'सगळ्या कॅसेटचं एमपी३ करा आणि मूळ माल भंगारात द्या' हा सल्ला पटला नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक वाचनालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतं, पण मूळ प्रत वाचनालयाकडे असेल तरच. म्हणजे कॅसेट टाकली की ती सवलतही डळमळीत. शिवाय गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळीच्या गावठी कंपन्यांच्या कॅसेट आता आणणार कुठून?

कॅसेट संगणकावर उतरवताना ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) करावं, तासाला साधारण १ जीबी लागतो. जपायला फ्लॅक (दर्जा न घालवता लहान केलेली फाइल), ऐकायला हवं तर एमपी३. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नये, तिथे बहुधा मोनोच, म्हणजे डाव्या-उजव्याऐवजी एकच आवाज मिळतो आणि तोही फाटतो. यूएसबी इंटरफेसचं (प्लेअर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटी) लाइन-इन घ्यावं. मराठवाड्यातला खरा शत्रू उन्हाळा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात मे महिन्यात कॅसेटचं प्लास्टिकचं कवच वाकतं, फितीमागच्या फेल्टच्या गादीचा गोंद सुटतो, मग आवाज दबका येतो. लोक फीतच गेली म्हणून फेकतात! ती बहुतेकदा शाबूत असते, स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कवचात बदलून घ्यावी. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे-मागे फिरवावी आणि कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे कान मोडावेत, म्हणजे चुकून पुसली जात नाही. नोंदवहीत नुसतं गायकाचं नाव नको. गाव, प्रकार आणि संबळ, तुणतुणं, दिमडी अशी वाद्यंही लिहावीत, शोधणारा बहुधा त्यावरूनच येतो.