सासरच्यांचं नेब्रास्कातलं जुनं शेत, तीन थडगी आणि 1880 नंतर गायब झालेली पणजी – शोध पुढे कसा न्यावा?

मृण्मयी
नमस्कार. माझं सासर अमेरिकेतल्या नेब्रास्काचं, नवरा तिथलाच, जर्मनीहून येऊन शेती केलेल्या घराण्यातला. सासूबाई आता थकल्यात आणि त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिलीय, की आपल्या पणजोबांनी पहिली जमीन कशी मिळवली आणि ते गेल्यावर पणजीचं काय झालं ते एकदा कळावं. घरात सांगतात ते इतकंच की 1876 च्या सुमारास थेअर काउंटीत आले, गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं घर बांधून राहिले आणि पणजोबा तरुणपणीच वारले.

ते रान आता दुसऱ्यांचं आहे, मालकांना विचारून आम्ही आत गेलो. मक्याच्या कडेला तीन दगड आहेत. मोठ्या दगडावर पणजोबांचं नाव, 3 मार्च 1881, वय 34 वर्षं 5 महिने 12 दिवस. बाजूला दोन बुटके पांढरे दगड, एकावर झोपलेलं कोकरू कोरलंय, त्याचे कान झिजून गोल झालेत आणि खालच्या ओळीवर बोट फिरवलं की 18 एवढंच हाताला लागतं, पुढचं काही नाही.

1880 च्या जनगणनेत हे कुटुंब सापडलं, नवरा बायको आणि तीन मुलं. त्यानंतर पणजी कुठेच नाही, 1900 मध्ये नाही, थडग्यांच्या साइटवर नाही, मृत्यूचा दाखला नाही. नवऱ्याला वाटतं ती जर्मनीला परत गेली असेल पण मग मुलं इथे कशी राहिली? आणि एकाने सांगितलं दगडावर शेव्हिंग फोम लावला की अक्षरं दिसतात, लावू का?

रानवाटा
फोम अजिबात लावू नका ताई. ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, पीठ किंवा खडू पण नको. ते पांढरे दगड बहुतेक संगमरवराचे असणार आणि जुना संगमरवर वरून साखरेसारखा सुटत जातो, फोममधली रसायनं त्याच्या छिद्रांत बसतात आणि तुम्ही निघून गेल्यावरही दगड खात राहतात. कागद ठेवून वरून पेन्सिल घासणंही अशा दगडावर टाळा. साधं पाणी, मऊ ब्रश, खालून वर हलक्या हाताने, बस.

अक्षरं वाचायला उजेड लागतो. सूर्य कलल्यावर जा, किंवा भर दुपारी मोठा आरसा घेऊन ऊन दगडावर अगदी तिरकं पाडा, सावल्या खाचांत भरतात आणि जे डोळ्याला दिसत नाही ते फोटोत उमटतं. टॉर्चनेही होतं, फक्त ती दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरायची.

आणि वय दिवसांपर्यंत दिलंय ना, त्यातून जन्मतारीख निघते. मृत्यूची तारीख 18810303 अशी लिहा, त्यातून वय 340512 वजा करा, त्यातून परत 8870 वजा करा. उत्तर 18460921, म्हणजे 21 सप्टेंबर 1846. महिन्यात आणि दिवसात हातचा घ्यावा लागतो तेव्हा 8870 चा आकडा चालतो, महिना 30 दिवसांचा धरलेला असल्याने एखादा दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. जर्मनीतल्या चर्चच्या वहीत त्याच नावाची दोन-तीन बाळं निघाली तर ही तारीखच कामाला येणार. दगड मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी बसवलेला असला तर मात्र घरच्यांच्या आठवणीवरून कोरलेलं असतं, तेव्हा दुसऱ्या कागदाशी जुळेपर्यंत पक्कं धरू नका.

कागदवेडा
पणजी जर्मनीला गेली असेल असं मला वाटत नाही. तिशीतली विधवा, पदरात तीन पोरं, आणि जमिनीची मुदत पूर्ण व्हायला आलेली, अशी बाई जमीन सोडत नाही. तिने दुसरं लग्न केलं असणार आणि तुम्ही तिला जुन्या आडनावाने शोधताय म्हणून ती सापडत नाही.

म्हणून माझं म्हणणं, माणसाला नावाने शोधणं थांबवा, जमिनीला शोधा. आपल्याकडे सातबारा काढताना गट नंबर असला की मालकाचं नाव कितीही बदलो, जमीन सापडतेच, तसंच तिथेही आहे. तिथल्या सगळ्या जमिनीची मोजणी टाउनशिप (मोठा चौकोन), रेंज (अशा चौकोनांचा उभा पट्टा) आणि सेक्शनमध्ये झालीय, एका टाउनशिपमध्ये 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकराचा, आणि होमस्टेडला, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर सरकारकडून मिळणाऱ्या जमिनीला, मिळायचा त्याचा चौथा हिस्सा म्हणजे 160 एकर. ते मक्याचं रान कुठल्या सेक्शनमध्ये येतं ते काउंटीच्या नकाशावर बघा. मग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याची जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स म्हणून साइट आहे, फुकट आहे, तिथे नावाचा रकाना रिकामा सोडून फक्त टाउनशिप रेंज सेक्शन टाका. सरकारने ती जमीन पहिल्यांदा ज्याच्या नावाने करून दिली त्याचं पेटंट, म्हणजे जमिनीचं सरकारी मालकीपत्र, समोर येईल.

आता तारखा बघा. 1862 च्या होमस्टेड कायद्यात जमिनीवर पाच वर्षं राहून कसायची अट होती, पुरावा द्यायला एकूण सात वर्षं मिळायची. 1876 ला अर्ज केला असेल तर पाच वर्षं 1881 मध्ये भरतात आणि हे मार्चमध्येच गेले. (1880-81 चा हिवाळा त्या सगळ्या मैदानी भागात फार भयानक होता, ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ आलं होतं. ते त्यामुळेच गेले असं मी म्हणत नाही, पण त्या बाईने तो मार्च कसा काढला असेल याचा विचार केला की पोटात तुटतं.) नवरा वारला तर उरलेली अट विधवेने पूर्ण करून जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायची सोय कायद्यातच होती. मधे तिने लग्न केलं असेल तर पेटंटवर नवं नाव आणि पुढे अमक्याची पूर्वीची विधवा असं लिहिलेलं असतं.

पेटंट म्हणजे एक पान आहे, खरा खजिना त्यामागच्या फाइलमध्ये. ती नॅशनल आर्काइव्ह्जकडे असते, नेब्रास्काच्या बऱ्याच फायली स्कॅनही झाल्यात आणि बिअ‍ॅट्रिसच्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये जाऊन कॉम्प्युटरवर बघता येतात. त्यात घर किती फूट बाय किती फूट, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतलं हे सगळं तिच्या जबानीत असतं, नागरिकत्वाचे कागद असतात आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षी असतात. साक्षीदारांची नावं लिहून ठेवा, हे लोक बरेचदा एकाच गावाकडून आलेले असायचे. 1879 पासून अंतिम पुराव्याची नोटीस जवळच्या पेपरात छापणं सक्तीचं होतं, तीही शोधा.

पेटंट रेल्वे कंपनीच्या नावाने निघालं तर घाबरू नका, याचा अर्थ जमीन होमस्टेड नव्हती, रेल्वेकडून विकत घेतलेली होती. मग हेब्रॉनला काउंटीच्या कचेरीत खरेदीखतांची सूची बघायची.

जुनी_पानं
वरचं सगळं बरोबर, दोन गोष्टी जोडते. 1890 ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका, 1921 च्या वॉशिंग्टनच्या आगीत आणि त्यानंतर ती जवळजवळ सगळी नष्ट झाली. पण नेब्रास्काने 1885 मध्ये वेगळी जनगणना केली होती आणि ती शाबूत आहे, त्यात नातं लिहिलंय, त्यामुळे मुलांच्या पहिल्या नावांवरून आणि वयांवरून शोधा, सावत्र मुलगा म्हणून दिसतील. राज्याची मृत्युनोंद 1904 पासून, म्हणून 1881 चा दाखला मिळायचाच नाही. त्या काळचं मरण चर्चच्या वहीत मिळतं, घराणं लुथरन असेल तर जर्मनीतलं मूळ गावही कधीकधी तिथेच लिहिलेलं असतं.

आणि 1880 चं शेतीचं वेगळं पत्रक बघितलंत का? पणजोबा तेव्हा हयात होते, म्हणजे किती एकर वहितीखाली, किती गाई, किती लोणी काढलं, किती बुशेल मका गहू, सगळं त्यांच्या नावापुढे असेल. सासूबाईंना ते पान मोठं करून द्या.

मृण्मयी
कसे आभार मानू कळत नाहीये. सेक्शन टाकून शोधलं आणि पेटंट मिळालं, कागदवेडा म्हणाले तसंच, वेगळं आडनाव आणि पुढे पणजोबांची पूर्वीची विधवा असा उल्लेख. ते आडनाव घेऊन 1900 ची जनगणना बघितली तर बाई तिथेच आहे, त्याच काउंटीत, पणजोबांचा धाकटा मुलगा म्हणजे सासूबाईंचे आजोबा त्याच घरात सावत्र मुलगा म्हणून. तिचं थडगंही निघालं, थोड्या अंतरावरच्या चर्चच्या आवारात दुसऱ्या नवऱ्याशेजारी. सासूबाई लहानपणी त्या चर्चमध्ये गेलेल्या आहेत, त्या दगडासमोरून चालल्या असतील आणि आपली पणजी आहे हे कुणी सांगितलंच नाही. फोनवर बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत.

एक कळलं नाही, 1900 च्या पानावर तिच्या नावापुढे 8 आणि 5 असे दोन आकडे आहेत ते काय?

जुनी_पानं
आठ मुलं झाली, त्यातली पाच 1900 साली जिवंत होती. 1900 आणि 1910 मध्ये हे बायकांना विचारायचे. म्हणजे तिने तीन लेकरं गमावली आणि तुम्हाला बुटके दगड दोनच दिसलेत. तिसरं मोठेपणी गेलं असेल, दुसऱ्या लग्नातलं असेल, किंवा त्याच रानात बिनदगडाचं असेल. 1880 आणि 1885 दोन्ही जनगणनांबरोबर आधीच्या वर्षभरातल्या मृतांची यादी केलेली आहे, जून ते मे अशी, त्यात वय आणि मृत्यूचं कारण असतं. ती दोन पानं बघाच, आणि चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून आठही नावं एका कागदावर लिहा, मग कोण राहिलं ते आपोआप कळेल. तोवर मालकांना सांगून ठेवा की दगडांच्या आसपास थोडी जागा नांगराविना सोडा.

कागदवेडा
फाइल मागवताना पेटंटवरचा अंतिम प्रमाणपत्राचा नंबर आणि लँड ऑफिसचं नाव दोन्ही लिहा. आली की साक्षीदारांची नावं इथे टाका, 1885 च्या पानांवर त्यांचे शेजारी कोण कोण होते ते मी जुळवून देतो.