मवाळ जोडीदार कोणाला परवडतो?
अमेरिकेत मध्यममार्गी मतदारांना वळवण्यासाठी अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी मवाळ जोडीदार घ्यावा, हे आपले म्हणणे मान्य. मात्र तसा जोडीदार परवडतो कोणाला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी, माजी अध्यक्ष फोर्ड यांच्याशी चाललेली बोलणी फिसकटल्यावर, आपल्या आर्थिक धोरणाची जाहीर खिल्ली उडवणाऱ्या मवाळ थोरल्या (जॉर्ज एच. डब्ल्यू.) बुश यांना सोबत घेतले. कट्टर समर्थक आधीपासूनच रेगन यांचे असल्यामुळे ते निभावले. त्याच पक्षाचे पुढचे एक उमेदवार जॉन मॅकेन यांच्यामागे कट्टर समर्थकांचा असा भरवसा नव्हता. २००८ मध्ये त्यांना पूर्वी डेमोक्रॅट असलेले सिनेटर जो लिबरमन हवे होते, परंतु गर्भपाताच्या हक्काचा समर्थक पक्षाचे अधिवेशन स्वीकारणार नाही, असे सल्लागारांनी बजावल्यावर त्यांनी कट्टर समर्थकांना रुचणाऱ्या सारा पेलिन यांना निवडले. लिबरमन यांना न निवडल्याची खंत मॅकेन यांनी २०१८ मध्ये लिहून ठेवली, आणि ती मला मनापासून पटते.