मदत हवी आहे: प्रोफाइलच्या गार्डचे दार लोंबते, इंटरलॉक जुळत नाही

भोसरीत एका एसपीएमच्या (एका ठरावीक कामासाठी बनवलेल्या मशीनच्या) इंडेक्सिंग टेबलभोवती (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या टेबलाभोवती) ४०×४० अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा (खाचा असलेल्या पट्ट्यांचा) गार्ड, म्हणजे सुरक्षा कुंपण, करतोय. दार एकपल्ली, १००० मिमी रुंद, १९०० मिमी उंच, खाचेत ५ मिमी पॉलिकार्बोनेट, बिजागऱ्या दोन. हँडलकडचा कोपरा ६ मिमी खाली आलाय, त्यामुळे इंटरलॉकचे (दार उघडताच मशीन थांबवणाऱ्या सोयीचे) सेन्सर आणि मॅग्नेट समोरासमोर येत नाहीत. टेबल थांबायला १.२ सेकंद लागतात, दारापासून टेबलाची कड ६०० मिमी. सेन्सर सरकवून भागेल का?

खाचनट: सेन्सरला हात लावू नका. दार उघडून बिजागरीच्या खांबाला ओळंबा लावा. खांबच झुकत असेल तर दारात काहीही केलंत तरी फुकट. तिथे ४०×८० घ्या, ८० ची बाजू दाराच्या पातळीत ठेवा, आणि पाया जमिनीत अँकरने धरा.

खांब सरळ निघाला तर दोष चौकटीचा. शीट साधारण साडेअकरा किलो, वर प्रोफाइल नऊएक. कोपऱ्यातले टी-नट (प्रोफाइलच्या खाचेत सरकणारे नट) फक्त घर्षणावर धरतात, म्हणून आयताचा समांतरभुज होतो. चारही कोपऱ्यांना ५ मिमीच्या त्रिकोणी प्लेटा लावा, दर बाजूला तीन बोल्ट. मध्ये एक आडवी पट्टी, तिसरी बिजागरी.

पल्लेवाला: खिडकीच्या काचेसारखं शीटलाच तिरकं पॅकिंग ठोकलं तर? बिजागरीकडे खाली, हँडलकडे वर.

खाचनट: काचेला चालतं, इथे नको. पॉलिकार्बोनेट अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट फुगतं. तापमान २५ अंशांनी वाढलं की १९०० च्या उंचीत सुमारे २ मिमीचा फरक पडतो. घट्ट ठोकलेली शीट एप्रिल-मेमध्ये पोट काढते आणि खाचेतून निसटू शकते. वर ३ मिमी मोकळे सोडून रबर प्रोफाइल घाला. थिनरने पुसू नका, बारीक तडे जातात.

जागा असेल तर ५००-५०० चे दोन पल्ले करा. वजन निम्मं, बिजागरीपासूनचं अंतर निम्मं, म्हणजे प्रत्येक पल्ल्याच्या बिजागरीवरचा मोमेंट (खाली ओढणारा जोर) सुमारे पाव. सेन्सर मात्र दोन्ही पल्ल्यांना हवा.

सेफ्टीरिले: दार लोंबण्यापेक्षा मला १.२ सेकंदाची जास्त काळजी वाटते. आयएसओ १३८५५ मध्ये (मशीनपासूनच्या सुरक्षित अंतराचं मानक) माणसाच्या चालण्याचा वेग १६०० मिमी प्रति सेकंद धरतात. १६०० × १.२ = १९२०, म्हणजे इतके मिमी अंतर हवं. तुमच्याकडे ६०० आहेत, म्हणजे सेन्सर नि रिले (सेन्सरच्या इशाऱ्यावर मशीन बंद करणारा भाग) धरून सगळं ०.३७ सेकंदात थांबायला हवं. दार उघडताच हात फिरत्या टेबलापर्यंत पोचेल! नुसता सेन्सर इथे चालणार नाही, सोलेनॉइड लॉक (विजेच्या चुंबकाने चालणारं कुलूप) घ्या: स्प्रिंगने लागणारं, वीज मिळाल्यावरच सुटणारं. उलटं घेतलंत तर वीज गेली की टेबल फिरत असतानाच दार मोकळं. सुटण्याची परवानगी शून्य वेगाच्या सेफ्टी मॉनिटरकडून (टेबल खरंच थांबलंय हे तपासणाऱ्या यंत्राकडून) घ्या, टायमरवर विसंबू नका.

सेन्सर घेतलाच तर कोडेड (फक्त आपल्या जोडीचा भाग ओळखणारा) घ्या. साधा रीड (चुंबक जवळ आला की लागणारा स्विच) कुठलाही चुंबक चिकटवून फसतो. आत माणूस शिरू शकत असेल तर आतून सुटका देणारं हँडलही लागेल.

धागाकर्ता: कळलं. दोन पल्ले आणि लॉक करतो. लॉकची जीभच दाराचा स्टॉपर म्हणून चालेल का?

सेफ्टीरिले: नाही, आपटून जीभ वाकते. स्टॉपर वेगळा, रबरी, आणि लॉक हँडलच्या उंचीवर लावा, तळाशी नको.