प्रश्न ‘दर आठवड्याला’चा नाही, डोसचा आहे

डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देतात. ते दर आठवड्याला थोडं थोडं दिलं तर दर तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या डोसपेक्षा कमी पडतं, असं म्हटलं जातं आणि त्यासाठी टाटा मेमोरियलच्या 2018 च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. अभ्यास खराच महत्त्वाचा आहे: 300 रुग्ण, दोन वर्षांनी त्या जागी रोग आटोक्यात राहण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या गटात सुमारे 73 टक्के, आठवड्याच्या गटात 58. पण त्यात आठवड्याचा डोस 30 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने) होता. सहा-सात आठवड्यांत बेरीज 180 ते 210. दुसरीकडे 100 चे तीन डोस, म्हणजे 300. फरक वेळापत्रकाचा की औषध कमी गेल्याचा, हे त्यातून वेगळं काढताच येत नाही.

जपानच्या जेकॉग 1008 या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या जास्त जोखमीच्या रुग्णांना दर आठवड्याला 40 दिलं. तिथे आठवड्याचा गट मागे पडला नाही. तीन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण आठवड्याच्या गटात 71.6 टक्के, तीन आठवड्यांच्या गटात 59.1.

माझ्या काकांना 100 च्या पहिल्याच डोसनंतर क्रिएटिनीन (किडनीवर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) वाढलं आणि दुसरा डोस पुढे ढकलावा लागला. कागदावरचे 300 प्रत्यक्षात सगळ्यांना झेपत नाहीत. म्हणून डॉक्टरांना नक्की विचारा: आठवड्याला 30 की 40? एकूण 200 च्या वर जाणार का? आणि सुरू करण्याआधी कानांची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, करून घ्या. सिस्प्लॅटिनमुळे गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही.