मदत हवी आहे: नवऱ्याचं कौतुक त्याला पचेल असं कसं करावं?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते. नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, सगळ्यांसाठी मागणं असतं. पण एकमेकांबद्दल देवाचे आभार मात्र कोणीच मानत नाही.

माझे मिस्टर अबोल आहेत. नळाला पहाटे पाणी येतं, तेव्हा स्वतः उठून सगळं भरून ठेवतात. मला जाग येऊ नये म्हणून बादलीत पाइप सोडतात, धार वाजू देत नाहीत. हे मी पाहते, मला ते फार मोठं वाटतं. पण तोंडावर बोलले की "त्यात काय एवढं" म्हणून उठून जातात. सासूबाईंसमोर तर नकोच म्हणतात.

बायबलमधल्या नीतिसूत्रे 31:28 मध्ये सद्गुणी स्त्रीची मुलं आणि नवरा तिची प्रशंसा करतात. ते मनातल्या मनात नाही, बोलून करतात. मग बायकोनेही नवऱ्याचं चांगलं बोलून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. फिलिप्पै 4:8 मध्येही जे श्रवणीय, जे स्तुत्य त्याचं मनन करा, असंच सांगितलंय.

तुमच्यापैकी कोणी प्रार्थनेतच जोडीदाराचं नाव घेऊन, नेमकी गोष्ट सांगून आभार मानता का? समोरचा अवघडला तर काय करता? चिठ्ठी लिहिणं जास्त बरं पडतं का? ज्यांचे नवरे असेच अबोल आहेत, त्या बहिणींनी जरूर सांगा. पुरुषांनीही सांगा, कसं बोललेलं तुम्हाला आवडतं?