एप्रिलमध्ये सिसिंगहर्स्ट? जरूर जा

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्ट उद्यानाची पांढरी बाग, म्हणजे फक्त पांढऱ्या फुलांचा भाग, एप्रिलमध्ये फुललेली असेल का, असं विचारलंयत. नसेल, तिचा बहर जून-जुलैचा. पण म्हणून बेत रद्द करू नका! एप्रिलमधलं तिथलं वैभव म्हणजे लाइम वॉक ही पायवाट. दुतर्फा फांद्या आडव्या वळवलेली लिंडनची झाडं (इंग्रजीत ‘लाइम’, पण लिंबू नव्हे) आणि त्यांच्या पायाशी ट्युलिप, डॅफोडिल, फ्रिटिलरी यांची नुसती दाटी. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकोल्सन या दांपत्याने १९३० साली ही पडकी वास्तू घेतली. आखणी मुख्यतः त्याची, लागवड तिची. लाइम वॉक मात्र त्याने स्वतःचा म्हणून जपला. आधी मनोऱ्यावर चढा. भिंती आणि कुंपणांनी पाडलेल्या बागेच्या ‘खोल्या’ वरून नीट उमगतात, मग खाली फिरण्यात खरी मजा येते.

मेअखेर सवड मिळाली तर वेल्समधलं बॉडनंट उद्यानही बघा. तिथे लॅबर्नमची सुमारे ५५ मीटर लांब कमान आहे. पिवळे घोस डोक्यावर लोंबतात आणि थेट आपला बहावा आठवतो. बहाव्याला इंग्रजीत ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणतात ते उगाच नाही. लॅबर्नम विषारी असतं, तेव्हा लहान मुलं सोबत असतील तर खाली पडलेलं काही तोंडात घालू देऊ नका.